श्पेटबुर्गुंडर: नावातलं ‘उशिरा’ नेमकं कोणाचं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. जर्मन वाइनच्या बाटलीवर दिसणाऱ्या ‘श्पेटबुर्गुंडर’ या शब्दाचा अर्थ ‘उशिरा काढणीची बरगंडी’ असा तुमच्या वाचनात आला, तो बरोबर आहे का? त्यातला ‘बुर्ग’ म्हणजे हॅम्बुर्ग, फ्रायबुर्ग या गावांच्या नावातला ‘बुर्ग’ का? आणि मराठीत हा शब्द लिहायचा कसा? आधी थोडक्यात सांगते. तो अर्थ चुकीचा आहे. ‘श्पेट’ म्हणजे ‘उशिरा’ हे खरं, पण ते वेलीच्या पिकण्याबद्दल आहे, काढणीबद्दल नाही. शिवाय इथं ‘बुर्गुंडर’ हे वाइनचं नाव नसून द्राक्षाच्या वाणाचं आहे. ‘बुर्ग’ हा तो ‘बुर्ग’ नव्हे, पण त्याचा लांबचा भाऊबंद आहे. आणि मराठीत शब्द आहे तसाच लिहावा. आता कारणं.

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं जर्मन शिकवते, भाषांतरं करते आणि शेतकरी किंवा उद्योजकांचे गट जर्मनीला जातात तेव्हा दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर जाते. तुम्ही वाचलेली चूक मी स्वतः केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आयातदाराची वाइनची यादी भाषांतराला आली होती. त्यात ‘श्पेटबुर्गुंडर श्पेटलेझे ट्रोकन’ अशी ओळ होती. मी दोन्ही ‘श्पेट’ एकाच अर्थाचे धरले आणि ‘उशिरा खुडलेल्या बरगंडी द्राक्षांची उशिरा काढणीची कोरडी वाइन’ असं लिहून मोकळी झाले (वाइन ‘कोरडी’ म्हणजे गोड नसलेली). यादी छापली गेली, हॉटेलांत पोचली. काही महिन्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने फोन करून विचारलं, “मॅडम, एकच द्राक्ष दोनदा उशिरा कसं खुडतात?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून या शब्दाचा पाठपुरावा मी सोडलेला नाही.

पहिली पायरी समासाची. श्पेटबुर्गुंडर हा जोडशब्द आहे: ‘श्पेट’ हे विशेषण आणि ‘बुर्गुंडर’ हे नाम. जर्मनमध्ये विशेषण सुटं वापरलं की त्याला नामाप्रमाणे प्रत्यय लागतो. उशिरा येणाऱ्या एखाद्या बुर्गुंडरबद्दल बोलायचं तर ‘श्पेटर बुर्गुंडर’ म्हणावं लागेल. प्रत्यय गळला, दोन शब्द जुळले आणि आघात पहिल्या पदावर आला की ते वर्णन राहत नाही, नाव होतं. आपल्याकडे ‘काळं मांजर’ आणि ‘काळमांजर’ यांत हाच फरक आहे. काळं मांजर म्हणजे रंगाने काळं असलेलं कोणतंही मांजर. काळमांजर म्हणजे रात्री झाडांवर, माळ्यावर फिरणारा निराळा प्राणी. ‘काळं’चा प्रत्यय गेला तशी विशेषणाची मोकळीकही गेली, ते आता एका जातीला चिकटलं. म्हणून बाटलीतली द्राक्षं या वर्षी लवकर खुडली असली तरी वाण श्पेटबुर्गुंडरच राहतो. त्या ‘श्पेट’चा या वर्षीच्या कॅलेंडरशी काही संबंध नाही.

मग कोणाशी आहे? याचं उत्तर मला व्याकरणाच्या पुस्तकात नाही, एका मळ्यात मिळालं. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा एक गट घेऊन मी राइनकाठी गेले होते. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. मळ्याच्या मालकाने शेजारशेजारच्या दोन ओळी दाखवल्या. पानं सारखी, घडांचा आकार जवळपास सारखा, घट्ट आणि आखूड. पण एका ओळीतल्या घडांत पाणी उतरलं होतं, मणी मऊ पडून निळे-जांभळे झाले होते. दुसऱ्या ओळीतले मणी अजून हिरवे, टणक, नख न रुतणारे. मालक सांगत होता की ही पहिली ओळ फ्र्यूबुर्गुंडर आणि ही दुसरी श्पेटबुर्गुंडर. मी ‘लवकर पिकणारा बुर्गुंडर, उशिरा पिकणारा बुर्गुंडर’ असं लांबलचक भाषांतर करत असताना एका बागायतदारांनी मण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “म्हणजे ही हळवी आणि ती गरवी. एवढंच ना, मॅडम?”

एवढंच. आणि मला ते इतकी वर्षं सुचलं नव्हतं. हळवं भात, गरवं भात. हळवा कांदा, गरवा कांदा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे शब्द समजावून सांगायला नकोत. हळवं म्हणजे कमी दिवसांत हाती येणारं, गरवं म्हणजे जास्त दिवस घेणारं, मधलं ते निमगरवं. या शब्दांत काढणीची तारीख नसते, पिकाचा स्वभाव असतो. पेरणीला उशीर झाला म्हणून हळवं भात गरवं होत नाही. ‘गरवा’ हा शब्द ‘गुरु’ म्हणजे जड या शब्दाच्या घरातला आहे आणि ‘हळवा’ हा ‘हळू’, ‘हलका’ यांच्या. म्हणजे आपल्या शेतकऱ्याने हा भेद वजनाने सांगितला, जर्मन शेतकऱ्याने वेळेने. पण दोघांनी नोंदवलेली गोष्ट एकच आहे, आणि ती नेहमी जोडीने नोंदवली जाते. हळवं असल्याशिवाय गरव्याला अर्थ नाही.

श्पेटबुर्गुंडर या शब्दाचं सगळं मर्म याच ठिकाणी आहे. हा वाण म्हणजे फ्रेंचांचा पिनो न्वार. जगातल्या काळ्या द्राक्षांच्या वाणांत पिनो न्वार लवकर पिकणाऱ्यांत मोडतो. काबेर्ने सोव्हिन्यों त्याच्यापेक्षा बराच उशिरा पिकतो. जर्मनीतही रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचे घड वेलीवर असतात तेव्हा श्पेटबुर्गुंडरची काढणी बहुधा उरकलेली असते. मग जो रीसलिंगच्या आधी पिकतो, त्याला ‘उशिराचा’ का म्हणावं? कारण तुलना रीसलिंगशी नाहीच. तुलना आहे त्याच्याच भावंडाशी, साधारण दोन आठवडे आधी पिकणाऱ्या फ्र्यूबुर्गुंडरशी. फ्र्यूबुर्गुंडर हा पिनो न्वारमध्येच आपोआप झालेल्या बदलातून निघालेला प्रकार. मणी लहान, उत्पन्न कमी, आणि लवकर गोड होत असल्यामुळे पक्षी आणि गांधीलमाश्या आधी त्याच्यावर तुटून पडतात. साहजिकच फार थोड्या शेतकऱ्यांनी तो टिकवला. आज तो आर नदीचं खोरं, इंगेलहाइम, माइन नदीकाठचं ब्युर्गश्टाट अशा मोजक्या ठिकाणी भेटतो. श्पेटबुर्गुंडर मात्र सुमारे साडेअकरा हजार हेक्टरांवर आहे आणि काळ्या द्राक्षांत जर्मनीत पहिल्या क्रमांकावर आहे. धाकट्याची ओळख जवळजवळ पुसली गेली, पण त्याच्यामुळे थोरल्याला मिळालेलं नाव कायम राहिलं. आज जर्मनीतल्या दुकानात श्पेटबुर्गुंडर विकत घेणाऱ्या कित्येकांनी फ्र्यूबुर्गुंडर कधी पाहिलेलाही नसतो, आणि म्हणून ‘श्पेट’ कशाच्या मानाने, हा प्रश्न त्यांनाही पडत नाही.

आता माझ्या यादीतला दुसरा ‘श्पेट’, श्पेटलेझेमधला. ‘लेझे’ म्हणजे वेचणी, खुडणी. ‘लेझेन’ या क्रियापदाचा मूळ अर्थ वेचणं, गोळा करणं. ‘वाचणं’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला आणि आज तोच मुख्य झाला आहे. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी ‘वाइनलेझे’चं भाषांतर ‘वाइनचं वाचन’ असं करतं. लॅटिनमध्येही ‘लेगेरे’ या एकाच धातूचे वेचणं आणि वाचणं असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे हा अर्थविस्तार वाटतो तेवढा विचित्र नाही. तर श्पेटलेझे म्हणजे खरोखर उशिराची खुडणी. राइनकाठच्या राइनगाउ भागातल्या योहानिसबेर्ग मळ्याची कथा प्रसिद्ध आहे: १७७५ साली काढणीची परवानगी आणायला फुल्डाला, मळ्याचा मालक असलेल्या बिशपकडे, गेलेला घोडेस्वार उशिरा परतला, तोवर घड वेलीवर सुरकुतले, आणि त्यांची वाइन अपूर्व निघाली. पुढे १९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने श्पेटलेझे ही एक प्रतच ठरवून टाकली. ती आता रसातल्या साखरेच्या मापावर, म्हणजे अंश एक्सलवर ठरते. म्हणजे तिथं ‘उशिरा’चा अर्थ प्रत्यक्षात ‘अधिक पिकलेलं’ असा झाला आहे.

त्या ओळीचा नीट अर्थ मग असा होतो: श्पेटबुर्गुंडर नावाच्या वाणाची, श्पेटलेझे प्रतीची, कोरडी वाइन. एका ओळीत दोन ‘श्पेट’: पहिला वेलीचा स्वभाव सांगतो, दुसरा त्या वर्षीच्या रसाची प्रत. दोन्हींना ‘उशिरा’ हा एकच मराठी शब्द लावला की वाक्य फसतं. माझं तसंच फसलं होतं.

‘श्पेट’ची व्युत्पत्ती फार लांबवण्यासारखी नाही. प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘श्पाटि’ला जवळचं रूप होतं, शेवटच्या ‘इ’ने आधीच्या ‘आ’ला ओढून त्याचा ‘ए’ केला. हा स्वर लिहिताना आजही ‘आ’वर दोन टिंबं देतात. गॉथिक या लुप्त झालेल्या भाषेत याच शब्दाचं तुलनादर्शक रूप सापडतं, म्हणजे शब्द जर्मानिक कुळात, म्हणजे जर्मन, इंग्रजी यांच्या भाषाकुळात, जुना आहे. ‘फ्र्यू’ मात्र मराठी वाचकाला जास्त ओळखीचा आहे, फक्त ओळख पटायला वेळ लागतो. मूळ ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो: पाद आणि फूस, पितृ आणि फाटर. त्याच नियमाने ‘फ्र्यू’चं नातं आपल्या ‘प्रातः’शी लागतं. प्रातःकाळातला ‘प्रातः’. दोघांचा अर्थही तोच राहिला आहे: लवकर, पहाटे.

आता ‘बुर्गुंडर’. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या शब्दातला हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

शेवटचा ‘अर’ सोपा आहे. गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाला तो लागला की तिथला माणूस किंवा तिथली वस्तू: बर्लिनर, विनर, फ्रांकफुर्टर. आपला ‘कर’ जे काम करतो तेच: पुणेकर, सातारकर. वस्तूंसाठी आपण बहुधा ‘ई’ लावतो, कोल्हापुरी चप्पल, नागपुरी संत्रं. जर्मन माणूस दोन्हींना ‘अर’च लावतो. म्हणून बुर्गुंडर म्हणजे बुर्गुंड प्रदेशातला माणूस, तिथली वाइन आणि तिथून आलेली वेलही. संदर्भाने ओळखायचं. एक बारीक गोष्ट उच्चाराची: नुसत्या ‘बुर्गुंड’चा शेवट जर्मन माणूस ‘ट’सारखा करतो, बुर्गुंट. पुढं ‘अर’ लागला की ‘ड’ परत येतो.

बुर्गुंड म्हणजे फ्रान्समधला बूर्गोन्य, इंग्रजीत बरगंडी. पण या प्रदेशाला हे नाव दिलं ते फ्रेंचांनी नाही. ते बुर्गुंड नावाच्या एका पूर्व जर्मानिक टोळीचं नाव. बाल्टिक समुद्रातल्या बोर्नहोल्म बेटाचं जुनं नाव बुर्गुंडारहोल्म होतं आणि त्यात हेच नाव दिसतं. पाचव्या शतकाच्या आरंभी हे लोक राइन नदीकाठी आले. वोर्म्स शहराभोवती त्यांचं राज्य होतं, असं परंपरा सांगते. ४३६ च्या सुमारास रोमन सेनापती एटियसच्या वेळी हूणांनी ते राज्य मोडलं. या संहाराची आठवण पुढं निबेलुंगांच्या जर्मन महाकाव्यात उतरली. उरलेल्यांना ४४३ साली आजच्या सव्हॉय भागात वसवलं गेलं, तिथून त्यांनी रोन आणि सोन नद्यांच्या खोऱ्यात नवं राज्य उभारलं, आणि ५३४ मध्ये ते फ्रँकांनी जिंकून घेतलं. राज्य गेलं, भाषा गेली, नाव मागे राहिलं: बुर्गुंडिया, त्याचं बूर्गोन्य.

नंतर त्या प्रदेशात द्राक्षशेती भरभराटीला आली. १३९५ साली बरगंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढून गामे जातीच्या वेली उपटायला सांगितल्या, कारण त्याला आपल्या प्रदेशाचं नाव पिनोशी जोडलेलं हवं होतं. सिस्टर्सियन साधूंचा मूळ मठ बरगंडीतल्या सितो इथला, १०९८ सालचा. त्याच पंथाने ११३६ मध्ये राइनगाउमध्ये एबरबाखचा मठ स्थापन केला, आणि काळ्या बुर्गुंडर वेली राइनकाठी रुजवण्याचं श्रेय साधारणपणे या साधूंना देतात. त्याही आधी ८८४ मध्ये सम्राट कार्ल तिसऱ्याने बोडनझे सरोवराकाठी बोडमान इथं ही वेल लावली, असं बाडेनमध्ये सांगतात.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नाव राइनकाठच्या वोर्म्सला होतं. तिथून परागंदा होऊन रोनच्या खोऱ्यात गेलं, एका प्रदेशाला चिकटलं, त्या प्रदेशावरून एका वेलीला चिकटलं, आणि त्या वेलीबरोबर पुन्हा राइनकाठी आलं. वोर्म्स आज राइनहेसेन या वाइनप्रदेशात आहे आणि तिथल्या मळ्यांत श्पेटबुर्गुंडर लावलेला आहे. वर्गात हे सांगताना मी दर वेळी फळ्यावर नकाशा काढते.

आता तुमचा ‘बुर्ग’चा प्रश्न. बुर्गुंड लोकांचं नाव ‘बुर्ग’ म्हणजे तटबंदीची ठाणी यांवरून पडलं, असं पाचव्या शतकातला इतिहासकार ओरोसियस यानेच लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुम्हाला सुचलेली फोड सोळाशे वर्षं जुनी आहे. पण ती ऐकीव साम्यावरची फोड आहे. नाव ‘बुर्ग’ अधिक काहीतरी असं तयार झालेलं नाही. ‘बुर्गुंड’ हे अख्खं एक रूप आहे, आणि त्याचा अर्थ ‘उंच, उन्नत’ असा. मूळ इंडो-युरोपीय धातू ‘भेर्घ्’, उंच असणं, वर चढणं. डोंगर या अर्थाचा जर्मन ‘बेर्ग’ त्यातूनच आला. किल्ल्याचा ‘बुर्ग’ही बहुतेक अभ्यासक याच घरात बसवतात. म्हणून मी सुरुवातीला त्याला भाऊबंद म्हटलं.

आणि याच धातूचं संस्कृत रूप म्हणजे बृहत्. मोठा, उंच. बृहत्कथा, बृहस्पती, बृहन्महाराष्ट्र यांतला.

हे नातं नुसत्या सारख्या अर्थावर नाही, अक्षरागणिक दाखवता येतं. ‘बृहती’ हे स्त्रीलिंगी रूप घ्या. मूळच्या सुरुवातीच्या ‘भ’चा जर्मानिकात ‘ब’ होतो. संस्कृतात एकाच शब्दात दोन महाप्राण जवळ आले की पहिला अल्पप्राण होतो, म्हणून तिथंही ‘ब’. मूळचा ‘ऋ’ संस्कृताने जपला, जर्मानिकाने त्याचा ‘उर’ केला. मधल्या ‘घ’सारख्या व्यंजनाचा संस्कृतात ‘ह’, जर्मानिकात ‘ग’. म्हणजे ‘बृह’ आणि ‘बुर्ग’. राहिला शेवट: ‘अत्’ आणि ‘उंड’. हा जरा दूरचा वाटतो, पण त्याची खातरजमा करायला एकच शब्द पुरे. संस्कृत ‘शत’ आणि शंभरासाठीच्या जर्मन ‘हुंडर्ट’मधला ‘हुंड’. तिथंही मूळचा स्वरासारखा अनुनासिक संस्कृतात नुसता ‘अ’ झाला आणि जर्मानिकात ‘उन’. ‘अत’ तिथं ‘उंड’. शत-हुंड ज्या नियमाने जुळतात त्याच नियमाने बृहत्-बुर्गुंड जुळतात. व्युत्पत्ती खरी की जुळवलेली, हे ओळखायची माझी कसोटी हीच: दुसऱ्या एखाद्या रोजच्या शब्दात तोच बदल दिसला पाहिजे.

इथं एक सावधगिरी. ‘बृहन्मुंबई’मधला ‘न’ पाहून काही विद्यार्थी तो ‘बुर्गुंड’मधल्या ‘न’शी जोडतात. तो ‘न’ वेगळा आहे. बृहत् अधिक मुंबई, पुढं ‘म’ आल्यामुळे ‘त्’चा ‘न्’ झाला, साधा व्यंजनसंधी, जगन्नाथसारखा. मुळातला ‘न’ दिसतो तो ‘बृहन्तः’ या अनेकवचनी रूपात. नातं खरं असलं तरी त्याचा पुरावा म्हणून चुकीचं अक्षर पुढं करू नये.

तर श्पेटबुर्गुंडर या एका शब्दात ‘गरवा’ हा शेतकऱ्याचा भेद आहे, परागंदा झालेल्या एका टोळीचं नाव आहे, त्या नावात आपला ‘बृहत्’ आहे आणि शेवटी ‘कर’ आहे. फ्र्यूबुर्गुंडर घेतला तर आणखी एक ‘प्रातः’.

समासाबद्दल एक गोष्ट राहिली. जर्मन जोडशब्दात शेवटचं पद मुख्य, हा नियम शिकवताना मी लगेच त्याची मर्यादाही सांगते. नियम भाषेचा आहे, वनस्पतिशास्त्राचा नाही. श्वार्त्सरीसलिंग म्हणजे शब्दशः काळा रीसलिंग, पण तो रीसलिंग नव्हेच. तो पिनो कुळातला म्यूनिये. त्याचं दुसरं जर्मन नाव म्युलररेबे, म्हणजे गिरणीवाल्याची वेल. कोवळ्या पानांवर पीठ उडाल्यासारखी पांढरी लव असते म्हणून. फ्रेंच ‘म्यूनिये’चाही अर्थ गिरणीवालाच. आपला भुईमूग मूग असतो का? तरी समासाच्या नियमाने तो मूगच ठरतो. श्पेटबुर्गुंडरच्या बाबतीत मात्र भाषा आणि वनस्पतिशास्त्र एकमतात आहेत, तो खरोखर बुर्गुंडर आहे. रंगाने वेगळे दिसणारे ग्राउबुर्गुंडर आणि वाइसबुर्गुंडर हेसुद्धा त्याच वाणातले सालीच्या रंगाचे बदल आहेत, निराळे वाण नव्हेत. ग्राउबुर्गुंडरला रुलेंडर असंही नाव आहे, ते योहान रुलांड या व्यापाऱ्यावरून. १७११ मध्ये श्पायर गावात त्याला आपल्या बागेत ही वेल सापडली.

‘श्पेट’ पहिल्या पदात आला म्हणजे अर्थ नेहमी पिकण्याबद्दलच असतो, असंही धरू नका. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या दक्षिणेला श्पेटरोट नावाचं द्राक्ष आहे. ते पांढऱ्या वाइनचं. मणी पिकताना शेवटी शेवटी तांबूस होतात म्हणून ‘उशिरा लाल’. तिथं ‘श्पेट’ रंगाला लागला आहे. आणि श्वाबियातल्या श्पेट्सले या शेवयांसारख्या पदार्थात तर ‘श्पेट’ नाहीच, ती ‘श्पाट्स’ म्हणजे चिमणी. शब्दाचा अर्थ ‘चिमण्या’. एवढं एक सोडवलं की मुलं मेनूकार्डं नीट वाचायला लागतात.

अधिकृत यादीत या वाणाचं पूर्ण नाव ‘ब्लाउअर श्पेटबुर्गुंडर’ असं आहे. ब्लाउ म्हणजे निळा. आपण ज्याला काळं द्राक्ष म्हणतो आणि वाइनवाले लाल म्हणतात, त्याला जर्मन शेतकरी निळं म्हणतो. वेलीवरच्या मण्याकडे जवळून पाहा, सालीवरच्या पांढुरक्या मेणचट थरामुळे ते खरंच निळं दिसतं. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि दक्षिण टिरोलमध्ये ‘श्पेट’ न लावता नुसतं ब्लाउबुर्गुंडर म्हणतात. त्याची गल्लत ब्लाउबुर्गरशी करू नका; तो १९२३ मध्ये ऑस्ट्रियात फ्रिट्स त्स्वाइगेल्ट यांनी केलेला अगदी वेगळा संकर आहे.

शेवटी लिहिण्याचा प्रश्न. शब्दारंभीचा जर्मन ‘स्प’ हा ‘श्प’ उच्चारतात, म्हणून ‘स्पेट’ नको, ‘श्पेट’. ‘ए’ लांब. ‘बर्गंडर’ नको, तो इंग्रजी वळणाचा उच्चार आहे. ‘बुर्गुंडर’, दोन्ही उकार स्पष्ट. शेवटचा ‘अर’ बोलताना जवळजवळ ‘आ’ ऐकू येतो, तरी लिहिताना ‘र’ ठेवावा. शब्द एकसंध लिहावा, मध्ये जागा किंवा रेघ नको, नाहीतर समास तुटून पुन्हा ‘उशिरा आलेली बरगंडी’ असा अर्थ शिरतो. भाषांतर करायचंच असेल तर ते फक्त पहिल्या उल्लेखाला, समजावण्यापुरतं द्यावं. त्या आयातदाराची यादी पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा मी ती ओळ बदलून ‘श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार, श्पेटलेझे प्रत, कोरडी’ अशी केली. आज लिहायची झाली तर तिच्यात आणखी दोनच शब्द घालीन: ‘गरवा वाण’.